चाळिशीत सुतारकाम: कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात घरबांधणी शिकताना

कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात सुतारकाम आणि निवासी बांधकाम या विषयातले प्रमाणपत्र मी मे २०२४ मध्ये पूर्ण केले. माझे मूळ शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. पुण्यात एका सहकारी बँकेत काही वर्षे नोकरी केली, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे टेक्सासला आले आणि जुलै २०२१ पासून सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील भागात राहते आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी हातोडी हातात घ्यायचे ठरवले तेव्हा मला धास्ती होती ती आपल्या अंगात तेवढी ताकद आहे का याची आणि वर्गात आपण अगदीच वेगळे दिसू का याची. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टींनी फारसा त्रास दिला नाही. वेळ, पैसा आणि झोप खाल्ली ती रहिवासाच्या पुराव्यांनी, व्हिसाच्या अटींनी आणि वर्गात जागा मिळेल की नाही या अनिश्चिततेने, म्हणून कागदपत्रांचा भाग मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिला आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे सरकारी अनुदानावर चालणारे आणि जवळपास कोणत्याही प्रौढ व्यक्तीला प्रवेश देणारे दोन वर्षांचे महाविद्यालय. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे आहेत. आपल्याकडच्या आयटीआयप्रमाणे इथे ट्रेडनिहाय गुणवत्ता यादी लागत नाही, आणि एकाच आवारात परिचारिकेचे शिक्षण, गणित, चित्रकला आणि वेल्डिंग असे सगळे चाललेले असते. मात्र बांधकामाचे विषय सगळ्याच कॉलेजांत नसतात. ऑकलंडच्या लेनी कॉलेजात सुतारकामाचा विभाग आहे, दक्षिणेकडे लॉस एंजेलिस ट्रेड टेक्निकल कॉलेज अशा विषयांसाठीच ओळखले जाते, पण अनेक कॉलेजांत बांधकाम या नावाखाली केवळ व्यवस्थापनाचे आणि अंदाजपत्रकाचे विषय असतात. त्यामुळे संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून निर्णय घेऊ नये. सत्र चालू असताना संध्याकाळी कार्यशाळेत जाऊन यावे, मागच्या अंगणात पूर्ण आकाराचा लाकडी सांगाडा उभा आहे का ते पाहावे आणि एका करवतीमागे किती विद्यार्थी ताटकळतात तेही पाहावे. मी अशी भेट मार्च २०२२ मध्ये दिली. तिथल्या शिक्षकांनी मला थांबवून घेऊन तासभर माहिती दिली, आणि घरी परतताना माझा निर्णय झालेला होता.

आता शुल्काविषयी. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे विषयाच्या एका श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात. रहिवासी नसलेल्या विद्यार्थ्याला त्याखेरीज युनिटमागे तीनशे डॉलरहून अधिक द्यावे लागतात. माझे प्रमाणपत्र तीस युनिटांचे होते, म्हणजे रहिवासी ठरले तर सुमारे चौदाशे डॉलर आणि न ठरले तर दहा हजारांच्या वर. सगळा डोलारा या एका शब्दावर उभा होता. नियम असा की सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी राज्यात राहून एक वर्ष पूर्ण झालेले असावे, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दिसावा. केवळ राहणे पुरेसे नसते, इरादाही सिद्ध करावा लागतो. मी जुलै २०२१ मध्ये आले असल्याने ऑगस्ट २०२२ चे सत्र जेमतेम बसत होते.

इथे आपल्याकडच्या कुटुंबांची एक नेहमीची अडचण आडवी आली. घराचा भाडेकरार, वीज, पाणी, इंटरनेट, गाडीची नोंदणी हे सगळे नवऱ्याच्या नावावर होते. परावलंबी व्हिसावर आलेल्या बहुतेक बायकांची हीच स्थिती असते आणि तोवर त्याचे कोणाला काही वाटलेलेही नसते. माझ्या नावाचा सर्वांत जुना कागद म्हणजे ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या आठवड्यात काढलेला वाहन परवाना आणि त्याच सुमारास उघडलेले संयुक्त बँक खाते. त्यात भर म्हणून आमचे २०२१ सालचे राज्याचे आयकर विवरणपत्र होते. वर्षाच्या मध्यावर राज्यात आलेल्यांनी जो फॉर्म भरायचा तोच अनिवासींसाठीही असतो आणि त्याच्या क्रमांकातच ‘एनआर’ ही अक्षरे आहेत. प्रवेश कार्यालयातील कर्मचाऱ्याने ती अक्षरे पाहून माझे नाव अनिवासींच्या यादीत टाकले. मग त्या फॉर्ममधील राज्यात आल्याची तारीख, वाहन परवान्याची तारीख आणि भाडेकराराची प्रत एकत्र जोडून फेरविचाराचा अर्ज केला. त्याचे उत्तर येईपर्यंतचे जुलैचे आठवडे मला फार जड गेले, कारण रोज सकाळी विद्यार्थी खाते उघडले की थकबाकीच्या रकान्यात तोच भला मोठा आकडा दिसत असे. अखेर रहिवास मान्य झाला आणि आकडा खाली आला. हे शिक्षण घेण्याचा विचार दोन वर्षांनंतरचा असला, तरी भाडेकरारात आणि एखाद्या बिलात आपले नाव आजच घालून घ्यावे आणि वाहन परवाना राज्यात पोहोचताच काढावा.

व्हिसाविषयी बराच गैरसमज दिसतो. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या परावलंबी व्हिसावर, असलेल्या व्यक्तीला अमेरिकेत शिकता येते आणि त्यासाठी विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. कॅलिफोर्नियात एच-१बी आणि एच-४ धारकांना रहिवासीही ठरता येते, जे पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीला जमत नाही. कॉलेजातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा कक्ष प्रामुख्याने विद्यार्थी व्हिसाधारकांसाठी असतो, तरी नाव आणि उच्चार ऐकून समोरची व्यक्ती आपल्याला तिकडेच पाठवते. नम्रपणे नकार देऊन सामान्य प्रवेश कार्यालयातच बसून राहावे. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मात्र आपल्याला मिळत नाही, कारण तिच्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते. दुसरी महत्त्वाची गोष्ट कामाच्या परवानगीची. सुतारांची अप्रेंटिसशिप ही पगारी नोकरी असते आणि पगारी नोकरीसाठी ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचे कार्ड, हवे. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे अशा एच-४ धारकांना २०१५ पासून ते मिळू शकते. माझ्याकडे ते होते. ज्यांच्याकडे नाही त्यांनी शिकायला हरकत नाही, पण शिक्षण संपताच काम करता येईल असे गृहीत धरू नये.

प्रवेशअर्ज राज्याच्या सामाईक संकेतस्थळावर भरला जातो आणि तो विनाशुल्क असतो. मी तो एप्रिल २०२२ मध्ये भरला. विद्यार्थी क्रमांक दोन दिवसांत येईल असे लिहिलेले होते, पण त्याऐवजी ओळख पटवण्याची सूचना आली. शैक्षणिक मदतीचे पैसे लाटण्यासाठी खोट्या नावांनी अर्ज भरण्याचे प्रकार या कॉलेजांत बोकाळलेले असल्याने नवीन अर्ज बारकाईने तपासले जातात. पासपोर्ट दाखवून यावे लागले आणि त्यात काही दिवस गेले. या खोट्या अर्जांचा दुसरा परिणाम असा की वर्ग भरलेले दिसतात, पण त्यातली सगळी नावे खरी नसतात, आणि हे ठाऊक असणे पुढे फार उपयोगी पडते.

विषयनोंदणीला ज्येष्ठतेचा क्रम असतो. जुन्या विद्यार्थ्यांना आधीची तारीख मिळते, नव्यांना नंतरची. मात्र नव्या विद्यार्थ्याने प्रारंभिक माहितीसत्र पूर्ण करून समुपदेशकाकडून शैक्षणिक आराखडा मंजूर करून घेतला, तर त्याची तारीख बरीच अलीकडे येते. समुपदेशकाची वेळ मिळायलाच मला मे महिना उजाडला. माझी तारीख आली तोवर संध्याकाळचा सांगाडा-उभारणीचा वर्ग भरलेला होता आणि मी प्रतीक्षायादीत गेले. अशा वेळी पुष्कळजण पुढच्या सत्राची वाट पाहतात. तसे करू नये. पहिल्या दिवशी जे येत नाहीत त्यांची नावे शिक्षक वगळतात आणि त्या जागा समोर हजर असलेल्या प्रतीक्षायादीतील विद्यार्थ्यांना देतात. ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात मी वही आणि सुरक्षा चष्मा घेऊन भिंतीला टेकून उभी राहिले, हजेरी संपली आणि शिक्षकांनी माझ्या हातात प्रवेशाच्या सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी दिली. तो क्रमांक थोड्याच दिवसांत बाद होतो, त्यामुळे नोंदणी त्याच रात्री केली. पैसे परत मिळण्याची मुदतही फार लहान असते. सत्रभर चालणाऱ्या वर्गाचे पहिले दोन आठवडे उलटले की शुल्क परत मिळत नाही.

अवजारांवर साधारण चारशे डॉलर गेले. सर्वांत महाग चामडी बूट. त्यानंतर कमरेचा पट्टा, सांगाड्याच्या कामाची हातोडी, २५ फुटी टेप, स्पीड स्क्वेअर (लहान त्रिकोणी मापपट्टी), खडूची दोरी, खिळे उपटायची पहार, चाकू आणि सुताराची पेन्सिल. विजेवर चालणाऱ्या करवती, खिळे मारण्याची बंदूक आणि कॉम्प्रेसर कॉलेजचे असतात, म्हणून पहिल्या वर्षी त्यांवर पैसे घालू नयेत. टेप आणि बूट चांगले घ्यावेत, बाकीचे जुन्या सामानाच्या दुकानातून घेतले तरी चालते. फार जड हातोडी घेण्याचा मोह टाळावा. दुकानात ती दमदार वाटते, पण तासाभराने मनगट दुखू लागते.

पहिले काही आठवडे सुरक्षेचे शिक्षण झाले. संघराज्याच्या कामगार सुरक्षा विभागाचा दहा तासांचा बांधकाम-सुरक्षा अभ्यासक्रम त्यातच पूर्ण होतो आणि त्याचे कार्ड नंतर टपालाने येते. ते जपून ठेवावे, कामावर घेताना पुष्कळ ठिकाणी विचारतात. शिडी लावताना चार फूट उंचीमागे पाया एक फूट बाहेर घ्यायचा आणि वरचे टोक छताच्या कडेपासून तीन फूट वर राहील असे पाहायचे, पाच फुटांहून खोल चरात आधाराशिवाय उतरायचे नाही, टेबल सॉवर छोटा तुकडा हाताने ढकलायचा नाही, असे नियम तिथे अक्षरशः घोकून घेतले. याच सुमारास, सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, कॅलिफोर्नियात उष्णतेची भयंकर लाट आली. सॅक्रामेंटोत पारा ११६ अंश फॅरनहाइटवर गेला. राज्याच्या नियमानुसार ८० अंशांच्या वर कामगारांसाठी सावलीची सोय करावी लागते आणि प्रत्येकाला तासाला जवळपास एक लिटर पाणी मिळेल अशी व्यवस्था ठेवावी लागते. आमचा त्या आठवड्यातला वर्ग अंगणातून आत हलवला गेला आणि तो वेळ टेप वाचण्याच्या सरावाला मिळाला.

हा सराव मला खरोखर हवा होता. भारतात शाळेपासून मिलिमीटरची सवय, आणि इथे सगळे मोजमाप इंचाच्या सोळाव्या हिश्श्यात. ३⅝ आणि ७ ११/१६ यांची बेरीज तोंडी ११ ५/१६ अशी यावी लागते, तीही समोरचा माणूस करवत घेऊन थांबलेला असताना. आपल्याकडच्या सुतारांचे सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, त्यामुळे मी प्रत्येक माप सुतात आणि अर्ध्या सुतात मोजू लागले आणि दोन-तीन आठवड्यांत हात बसला. ज्यांना अपूर्णांकांची भीती वाटते त्यांनी प्रवेशाआधीच्या सुट्टीत घरातली दारे, खिडक्या, कपाटे इंचांत मोजून लिहावीत. पैसे न लागणारी याहून चांगली तयारी मला ठाऊक नाही.

खरे शिक्षण भिंतीच्या आखणीपासून सुरू झाले, आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. अमेरिकेतील बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात. भिंत म्हणजे तळाला एक आडवी लाकडी प्लेट, माथ्यावर दोन, आणि मध्ये दर सोळा इंचांवर स्टड, म्हणजे उभा लाकडी दांडा. प्लायवूडचा तावा चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असतो, म्हणजे ४८ आणि ९६ इंच, आणि या दोन्ही संख्यांना सोळाने पूर्ण भाग जातो. मात्र दोन ताव्यांचा सांधा स्टडच्या बरोबर मध्यावर यायला हवा, म्हणजे अर्धी जाडी एका ताव्याला आणि अर्धी पुढच्याला मिळते. बाजारात टू बाय फोर म्हणून मिळणारे लाकूड प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद असते. त्यामुळे अर्ध्या जाडीचा पाऊण इंच मागे घेऊन पहिली रेघ १५¼ इंचांवर मारायची आणि रेघेच्या पुढच्या बाजूला फुली करायची. स्टड फुलीवर बसतो. तिथून पुढे दर सोळा इंचांवर रेघ आणि फुली. ही पाऊण इंचाची वजाबाकी राहिली तर पहिला तावा बसवतानाच सांधा हवेत येतो, आणि मग सगळे स्टड काढून पुन्हा बसवावे लागतात.

आठ फुटी भिंतीसाठी दुकानात तयार कापलेले स्टड मिळतात, त्यांची लांबी ९२⅝ इंच असते. त्यात तीन प्लेटांचे साडेचार इंच मिळवले की भिंत ९७⅛ इंचांची होते, म्हणजे छताला जिप्समचा तावा लावल्यावर खालच्या ताव्यांना जमिनीशी थोडी मोकळीक राहते. हा आकडा पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो, पण एकदा हिशेब मांडला की त्यात कोणतीही मनमानी दिसत नाही. बँकेत ताळेबंद जुळवताना मिळणारे समाधान मला इथे पुन्हा मिळाले. ताकदीचा प्रश्नही याच वर्गात सुटला. भिंत जमिनीवर आडवी जोडतात आणि चार-पाच जण मिळून उभी करतात, प्लायवूडचा तावा एकट्याने उचलायचाच असेल तर तो मांडीवर टेकवून वळवण्याची पद्धत शिकवतात. वर्गातला सर्वांत दणकट तरुण पहिल्या महिन्यात सर्वाधिक थकत असे, कारण तो प्रत्येक खिळ्याशी भांडत असे.

कॅलिफोर्निया भूकंपप्रवण असल्याने भिंतींच्या जोडणीवर आमच्या शिक्षकांचा कटाक्ष होता. पायाच्या काँक्रीटवर बसणारी प्लेट वाळवी आणि ओल यांना तोंड देणाऱ्या, दाबाखाली औषध मुरवलेल्या लाकडाची असते आणि ती जास्तीत जास्त सहा फुटांवर एक अशा बोल्टांनी काँक्रीटला जखडतात. बोल्टाखाली तीन इंची चौकोनी वॉशर लागते. आडवा धक्का सोसणाऱ्या भिंतींवर प्लायवूड ठरलेल्या अंतरावर खिळ्यांनी ठोकले जाते आणि तिथे खिळ्याचे डोके पृष्ठभागाशी समतल राहणे फार महत्त्वाचे असते. कॉम्प्रेसरचा दाब जास्त असला की खिळा आत घुसतो, प्लायवूडचा वरचा थर फाटतो आणि भिंतीची धरून ठेवण्याची ताकद घटते, म्हणून निरीक्षक अशा भिंतीवर बोट ठेवतो. या विषयाचा तास चालू असताना मला किल्लारी आठवल्याशिवाय राहिली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आम्ही सोलापुरात अंगणात येऊन बसलो होतो, आणि पुढचे कित्येक दिवस घराघरांत त्या जाड दगडी भिंतींविषयी आणि वरच्या मातीच्या जड माळवदांविषयी बोलले जात होते, ज्यांखाली झोपेतली माणसे गेली. हलके छत आणि एकमेकांना घट्ट बांधलेल्या हलक्या भिंती धक्क्यात का तगतात, हे मला तीस वर्षांनी स्वतःच्या हाताने बोल्ट आवळताना नीट समजले.

वर्गात शाळा नुकतीच संपवलेली मुले होती, सैन्यातून निवृत्त झालेले होते, दिवसभर साइटवर काम करून संध्याकाळी कागद मिळवायला आलेले मेक्सिको आणि ग्वाटेमालाचे कसलेले कारागीर होते. या शेवटच्या गटाकडून मी जितके शिकले तितके पुस्तकातून नाही. त्यांच्यामुळे थोडे स्पॅनिशही आले, आणि इथल्या साइटवर ते इंग्रजीइतकेच लागते. बायका आम्ही अगदी मोजक्या होतो. लहान मापाचे हातमोजे आणि अंगाला नीट बसणारा सुरक्षा पट्टा कॉलेजच्या कपाटात नसे, तो मी स्वतः आणला. सुरक्षा साधने कामगाराच्या मापाची असलीच पाहिजेत असा स्पष्ट नियम संघराज्याने बांधकामासाठी जानेवारी २०२५ पासून लागू केला आहे, त्यामुळे आता मागायला संकोच करू नये. ऑकलंड परिसरात बांधकामातील स्त्रियांसाठी ट्रेड्सवुमेन इन्कॉर्पोरेटेड ही जुनी संस्था आहे आणि अप्रेंटिसशिपची माहिती तिथे चांगली मिळते.

घरच्यांविषयीही लिहायला हवे. सोलापूरला आईला फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, “अगं, बँकेतली नोकरी सोडून आता सुतारकाम?” इथल्या गणेशोत्सवात ओळखीच्या लोकांनी ते परस्पर इंटिरियर डिझाइन करून टाकले. पांढरपेशा घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हाताच्या कामाचे शिक्षण कमीपणाचे वाटते. हा आपला जुना आजार आहे, आणि सुताराला दोन तास ताटकळत ठेवून वर भावाची घासाघीस करणाऱ्या घरांत तो जास्त असतो. नवऱ्याने मात्र आठवड्यातल्या वर्गाच्या संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास स्वतःकडे घेतला. ज्यांच्या घरी हे जमणार नसेल त्यांनी शनिवारचे वर्ग शोधावेत, कारण संध्याकाळचा कार्यशाळेचा वर्ग रात्री दहापर्यंत चालतो आणि भुसा झटकून घरी पोहोचायला अकरा होतात.

जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेले दुसरे सत्र पावसाचे होते. त्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियावर एकामागून एक वादळे येत राहिली, मार्चपर्यंत अंगणात चिखल होता आणि छताचे काम पुन्हा पुन्हा पुढे ढकलले गेले. तो वेळ आम्ही वाशांच्या गणितावर घालवला. छताचा उतार दर बारा इंचांना सहा इंच असेल तर आडव्या प्रत्येक फुटामागे वाशाची लांबी १३.४२ इंच येते, म्हणजे बारा फुटांच्या अंतराला सुमारे १६१ इंच, आणि त्यातून आढ्याच्या फळीची अर्धी जाडी वजा करायची. हे कोष्टक मोठ्या गुण्यावर, म्हणजे सुताराच्या काटकोनी मापपट्टीवर, कोरलेलेच असते. ज्याला पायथागोरस आठवतो त्याला पाठांतराची गरज नाही.

जिना त्याहून अवघड निघाला. राज्याच्या निवासी बांधकाम संहितेनुसार पायरीची उंची पावणेआठ इंचांपेक्षा जास्त आणि पाऊल ठेवायची जागा दहा इंचांपेक्षा कमी चालत नाही, शिवाय एकाच जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत तीन अष्टमांश इंचापेक्षा अधिक फरक नको. एकूण चढ १०५ इंच असेल तर साडेसात इंचांच्या चौदा उंच्या येतात आणि पाऊल ठेवायच्या जागा तेरा. बाजूची तिरकी फळी कापताना तळाच्या पायरीतून फळ्यांची जाडी वजा करावी लागते, अन्यथा पहिली पायरी उंच आणि शेवटची बुटकी होते. आमच्या सत्राच्या परीक्षेत शिक्षक याच ठिकाणी टेप लावून पाहत होते.

दुसऱ्या वर्षात नकाशे वाचणे, बांधकाम संहिता, अंदाजपत्रक आणि घरगुती वायरिंगची तोंडओळख असे विषय होते. ते उपयोगी होते, पण त्यांत विशेष सांगण्यासारखे थोडे. वायरिंगकडेच वळायचे असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की कॅलिफोर्नियात जनरल इलेक्ट्रिशियनच्या प्रमाणपत्रासाठी ८,००० तासांचे प्रत्यक्ष काम लागते आणि तोवर राज्यमान्य संस्थेत शिकत असल्याची नोंदणी करून प्रशिक्षणार्थीचे कार्ड घ्यावे लागते. कॉलेजचा प्रत्येक वर्ग त्यासाठी मान्य असतोच असे नाही, म्हणून शुल्क भरण्याआधी राज्याची यादी पाहावी.

सगळे विषय उत्तीर्ण झाले म्हणजे प्रमाणपत्र आपोआप येत नाही, हे मला शेवटच्या सत्रात शिक्षकांनी सांगितले. त्यासाठी वेगळा अर्ज मुदतीत द्यावा लागतो. मी तो मार्च २०२४ मध्ये दिला, मे महिन्यात सत्र संपले आणि प्रमाणपत्र टपालाने ऑगस्टच्या अखेरीस आले. मधल्या काळात मालकांना दाखवायला गुणपत्रिकेची अधिकृत प्रत आणि सुरक्षेचे कार्ड पुरले.

पुढे दोन वाटा होत्या. कामगार संघटनेची सुतारांची अप्रेंटिसशिप चार वर्षांची असते. तिच्यात पगार सुरुवातीला कसलेल्या सुताराच्या वेतनाच्या काही टक्के असतो आणि टप्प्याटप्प्याने वाढतो, आरोग्यविमाही मिळतो, पण काम मिळेल तिथे पहाटे पोहोचावे लागते. मुलगी लहान असल्याने मी दुसरी वाट धरली आणि जून २०२४ मध्ये घरांची दुरुस्ती व वाढीव बांधकाम करणाऱ्या एका लहान कंत्राटदाराकडे तासाला चोवीस डॉलरवर हेल्पर म्हणून रुजू झाले. कामावर घेताना ईएडीची मूळ प्रत मागितली जाते. तिचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून मागता येते आणि तो अर्ज पहिल्याच दिवशी टाकावा, कारण कार्ड हातात नसेल तर मालकाची कितीही इच्छा असली तरी काम थांबते.

स्वतःचा कंत्राटदाराचा परवाना हवा असेल तर राज्याच्या परवाना मंडळाला गेल्या दहा वर्षांतला कसलेल्या कारागिराच्या पातळीवरचा चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. मान्यताप्राप्त शिक्षणाचे काही श्रेय त्यात मिळू शकते, पण निदान एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असलेच पाहिजे, आणि हेल्पर म्हणून घालवलेला काळ धरला जात नाही. एप्रिल २०२५ पासून मालकांनी भिंतींची आखणी आणि उभारणी माझ्याकडे सोपवली आहे, त्यामुळे माझा मोजता येणारा काळ तिथून सुरू होतो. प्रत्येक कामाचा पत्ता, परवानगीचा क्रमांक, तारखा आणि मी नेमके काय केले हे मी एका वहीत लिहिते आणि दर महिन्याला मालकांची सही घेते. अनुभव प्रमाणित करणाऱ्या व्यक्तीने ते काम स्वतः पाहिलेले असावे लागते, आणि चार वर्षांनी तो कंत्राटदार धंद्यात असेलच याची खात्री नसते.